सैरंध्रीच्या अटी

विराटपर्वाची कथा ज्याच्या कानावरून गेली नाही असा मराठी वाचक विरळाच. अज्ञातवासाच्या वर्षी द्रौपदी सैरंध्रीचे नाव घेऊन विराटराजाच्या नगरात गेली, आणि राणी सुदेष्णेच्या अंतःपुरात वेणीफणी करणे, उटी वाटणे, हार गुंफणे हे काम तिने पत्करले, इतके सर्वांस ठाऊक असते. पुढे कीचक येतो, मग भीम येतो, आणि कथेचा उरलेला सारा भाग त्या दोघांनी व्यापून जातो. १९०७ साली खाडिलकरांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले, १९१० साली इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली, आणि तेव्हापासून तर कीचक म्हणजे मदांध सत्ता हे समीकरण महाराष्ट्राच्या मनात पक्के बसले. या गदारोळात एक बारीकशी गोष्ट वाचकांच्या नजरेतून निसटते. काम पत्करण्यापूर्वी सैरंध्रीने राणीपुढे अटी ठेविल्या होत्या. आपण कोणाचे उष्टे खाणार नाही व कोणाचे पाय धुणार नाही, हे तिने आरंभीच सांगितले. राणीने ते मान्य केले. आणि मगच सैरंध्रीने फणी हाती घेतली. दुसऱ्याच्या अंगाची निगा राखून पोट भरणाऱ्या स्त्रीने आपल्या कामाची मर्यादा आपल्या तोंडाने सांगितल्याचा याहून जुना दाखला आम्हांस आठवत नाही.

आता ही मर्यादा प्रथम कोणी मोडली, हे पाहावे. कीचकाने नव्हे, सुदेष्णेने मोडली. भावाच्या आग्रहापुढे मान तुकवून तिने सैरंध्रीस त्याच्या घरून मद्य आणावयास सांगितले. सैरंध्रीने नकार दिला. आपल्यापाशी दासी पुष्कळ आहेत, दुसरीस पाठवावे, अशी विनवणीही केली. राणीने ते ऐकले नाही. मी पाठविले आहे म्हटल्यावर तुला कोण काय करणार, असे म्हणून तिने पात्र तिच्या हाती दिले. पुढचा अनर्थ सर्वश्रुत आहे. त्या अनर्थाचे दार एका कुलीन, सुस्वभावी, घरंदाज स्त्रीने उघडले, आणि तेही ‘एवढे एक काम कर’ या साध्या शब्दांनी. कीचकास आपण सर्व ओळखतो व त्याचा धिक्कार करतो. सुदेष्णेस मात्र आपण ओळखत नाही, कारण ती आपल्याच घरात वावरते. आमचा आजचा विषय ती आहे.

प्रसंग आमच्या चंदगडाचा आहे. परंतु महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी तो लागू पडेल. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा, एका अंगास बेळगाव व दुसऱ्या अंगास कोकण असलेला हा पावसाचा मुलूख. १९५६ सालापर्यंत तो बेळगाव जिल्ह्यात होता. भाषावार प्रांतरचनेत तेवढा एक तालुका इकडे आला, बाजारहाट मात्र अजून पुष्कळ अंशी बेळगावाकडेच वळलेला आहे. भात, काजू, ऊस ही येथील पिके. आणि जमिनीवर भागत नाही म्हणून पुरुषांनी मुंबईची व गोव्याची वाट धरावी, ही जुनी रीत. मागे राहिलेल्या स्त्रियांनी घर चालविण्यासाठी जे उद्योग शोधले, त्यांत गेल्या काही वर्षांत एक नवा उद्योग आला. घराच्या पुढच्या खोलीत एक मोठा आरसा, एक फिरती खुर्ची, दारावर पडदा आणि पडद्यावर ‘फक्त स्त्रियांसाठी’ ही अक्षरे. यास लोक ब्यूटी पार्लर म्हणतात व ते चालविणारीस पार्लरवाली ताई म्हणतात. ह्या पाटीकडे पाहून नाक मुरडणारे आहेत. आम्ही त्यांतले नाही. ज्या मुलखात स्त्रीच्या हाती रोख पैसा क्वचितच पडे, तेथे एखादी स्त्री शिक्षण घेऊन, बचतगटाचे कर्ज काढून, स्वतःच्या कसबावर चार पैसे मिळविते, ही गोष्ट आम्हांस अभिमानाची वाटते.

परंतु या कसबाचे स्वरूप काय, हे त्या खुर्चीवर बसणाऱ्यांपैकी कितीजणींनी ध्यानात घेतले आहे? भुवई कोरणारी स्त्री दोऱ्याचे एक टोक दातांत धरते, मान पुढे वाकविते आणि श्वास आवरून एकेक केस उपटते. असे दिवसातून वीस वेळा झाले की दात, मान व खांदा यांची काय अवस्था होते, हे सांगावयास वैद्य नको. वॅक्सचे चटके, ब्लीचचा उग्र दर्प, केसांच्या रंगाने बोटांस पडणाऱ्या भेगा, तासचे तास उभे राहिल्याने पायांस चढणारी सूज, हा सर्व त्या धंद्याचा नित्यनेम आहे. याखेरीज आणखी एक श्रम आहे, तो डोळ्यांस दिसत नाही. समोरची स्त्री सासूचे गाऱ्हाणे सांगते, नवऱ्याचे व्यसन सांगते, मुलीचे जुळत नाही म्हणून रडते. आणि हिने हसतमुखाने, हात न थांबविता, ‘होय वहिनी’, ‘खरं आहे अक्का’ असे म्हणत सारे ऐकून घ्यावयाचे. आर्ली हॉक्शिल्ड या अमेरिकन विदुषीने १९८३ साली ‘द मॅनेज्ड हार्ट’ नावाचा ग्रंथ लिहून विमानातील परिचारिकांच्या हास्याचा विचार केला, आणि नोकरीसाठी मनातील भाव दाबणे व नसलेला भाव मुखावर आणणे हाही एक श्रमच आहे, हे दाखवून दिले. विमानातील हास्याचे वेतन निदान कंपनी देते. चंदगडातील हास्य दरपत्रकात नाही.

आता आपल्या घरची सुदेष्णा काय करते ते पाहू. रात्री साडेआठला पडदा ओढून ताई पोरांना जेवावयास वाढीत असते, तेवढ्यात दाराशी हाक येते, “ताई, पाचच मिन्टांचं काम हाय की!” सकाळी दहाची वेळ ठरवून बाई बारा वाजता येते आणि त्या वेळी बसलेल्या दुसरीस उठवावे अशी अपेक्षा धरते. एका फेशियलचे पैसे ठरतात, आणि उठता उठता “आता भुवया तेवढ्या करून टाक, त्यांचे काय वेगळे घ्यायचे!” हे ओघानेच येते. सोबत आलेल्या भाचीचे केस फुकट कापले जातात. पैशांची गोष्ट निघाली की “पुढल्या वेळी एकदमच देते,” आणि ती पुढली वेळ येईपर्यंत दुसऱ्या पार्लरची वाट धरलेली असते. लग्नसराईची तर कथाच वेगळी. मुहूर्त सकाळचा म्हणून पहाटे चार वाजता वाडीवरून गाडी येते. नवरीचा शृंगार ठरलेला असतो, तेथे गेल्यावर करवली, मावशी, आत्या, वरमाई अशी रांग लागते. आणि काम आटोपल्यावर परत पोहोचवावयास गाडी कोणाची, याचा कोणास पत्ता नसतो. लग्न मोडले, तारीख बदलली, तर त्या दिवसाची दुसरी मागणी जिने नाकारलेली असते तिचे नुकसान कोणी भरीत नाही, आणि आगाऊ विसार मागितला तर “आमच्यावर विश्वास नाही होय?” असा उलटा सवाल येतो.

यांपैकी एकही कृत्य कोणी दुष्टपणाने करीत नाही. हेच तर आमचे म्हणणे आहे! पाटलाने चाबूक उगारून वेठ घेतली तर ती वेठ आहे हे शेंबड्या पोरालाही कळते. परंतु ‘ताई’ म्हणून, गालावरून हात फिरवून, घरचा फणस देऊन जी वेठ घेतली जाते, ती घेणाऱ्यासही कळत नाही व देणारीसही उघड बोलता येत नाही.

येथे पहिला आक्षेप येईल तो ठराविक आहे. कोणी म्हणेल, “आमचा तिचा संबंध निव्वळ पैशाचा नाही, ती आमच्या घरच्यासारखी आहे. तास आणि दर यांच्या भिंती घातल्या की गावातला जिव्हाळा संपला. मग शहर आणि खेडे यांत फरक तो काय?” हा आक्षेप आम्हांस फार परिचयाचा वाटतो, कारण बलुतेदारीची सारी इमारत याच शब्दांवर उभी होती. न्हावी घरचा, परीट घरचा, कुंभार घरचा. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहून या घरोब्याचा हिशेब मांडला, तो आजही वाचण्यासारखा आहे. न्हाव्याने वर्षभर श्मश्रू करावी आणि सुगीस खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यावा, असा करार; पण श्मश्रूपाठोपाठ पाहुण्यांचे अंग रगडणे, वरातीत दिवटी धरणे, कार्याच्या घरी पडेल ते करणे हेही त्याच वाट्यात बसविलेले. काम कोठे संपते हे कोठेच लिहिलेले नसल्याने ते कधीच संपत नसे. जिव्हाळा खरा असेल, नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या जिव्हाळ्यात एकाच पक्षास ‘नाही’ म्हणण्याची मुभा असते, त्यास जिव्हाळा म्हणण्यापेक्षा दुसरे नाव अधिक शोभेल. घरच्यासारखी म्हणता, तर घरच्या लेकीस रात्री नऊ वाजता भरल्या ताटावरून उठवाल काय?

दुसरा आक्षेप थोडा तिखट आहे. “भुवया कोरणे म्हणजे काही वैद्यकी नव्हे. हौसेचे काम, गिऱ्हाइकाची मर्जी हेच त्याचे भांडवल. मर्जी राखवत नसेल तर धंदा करू नये.” यास आमचे उत्तर असे की, काम हौसेचे असेल ते करवून घेणारीस, करणारीस ते पोटाचे आहे. आम्ही महाविद्यालयात शिकवितो. आमचा तास घंटेने सुरू होतो व घंटेने संपतो. उन्हाळ्याची सुटी आम्ही उपभोगतो, रविवारी कोणी आमच्या दारावर थाप मारून “सर, एवढा एक धडा शिकवून टाका की,” असे म्हणत नाही. आणि या सर्वाबद्दल आम्हांस कोणी गर्विष्ठ म्हटल्याचे ऐकिवात नाही. वकिलाची फी ठरलेली, न्यायालयाची सुटी ठरलेली, बँकेची खिडकी ठरल्या वेळी बंद. ज्या सुशिक्षित कुटुंबांत हे मासिक वाचले जाते, त्यांतील बहुतेकांचे जीवन अशा ठरलेल्या मर्यादांवर सुखाने चालले आहे. मग हीच मर्यादा दोरा दातांत धरणाऱ्या स्त्रीने सांगितली की ती ‘आढ्यता’ कशी ठरते? आपली मर्यादा ती शिस्त, आणि दुसऱ्याची मर्यादा तो ताठा, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्यास उत्तर देण्यापूर्वी आम्ही त्याचे वजन मान्य करतो. “तिने दार बंद केले तर पलीकडच्या गल्लीत दुसरीचे दार उघडे आहे. नकार देणारी उपाशी मरेल.” हे सत्य आहे. म्हणूनच, स्त्रियांनी आत्मविश्वास बाळगावा, ठामपणे ‘नाही’ म्हणावयास शिकावे, असा जो उपदेश हल्ली चोहोकडे स्वस्तात मिळतो, त्यावर आमचा फारसा विश्वास नाही. सैरंध्रीने ठामपणे नाही म्हटले होते. तिच्याहून ठाम कोण असणार? तरीही पात्र तिच्या हाती दिले गेलेच. एकटीचा नकार कितीही स्पष्ट असला तरी तो टिकत नाही. नकाराच्या पाठीशी कोणीतरी उभे असावे लागते.

याचा पुरावा याच धंद्याच्या पुरुषशाखेत आहे. १८९० साली मुंबईतील नाभिकांनी सभा भरवून, विधवांचे केशवपन यापुढे आम्ही करणार नाही, असा निश्चय केला. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा होती. लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक व गिरणीकामगारांचे पुढारी; आणि ज्या वर्षी नाभिकांनी वस्तरा खाली ठेविला त्याच १८९० सालच्या १० जूनपासून मुंबईच्या गिरणीकामगारांस रविवारची सुटी मिळू लागली, तीही त्यांच्याच खटपटीने. या दोन गोष्टी एकाच वर्षी एकाच माणसाच्या हातून व्हाव्यात, हा योगायोग आम्ही मानीत नाही. एका ठिकाणी श्रमणारा म्हणतो, “इतका वेळ मी काम करणार नाही.” दुसऱ्या ठिकाणी तो म्हणतो, “इतक्या प्रकारचे काम मी करणार नाही.” दोन्ही एकाच हक्काची दोन अंगे आहेत. आणि दोन्ही ठिकाणी तो शब्द एकट्याचा नव्हता. एकाच न्हाव्याने वस्तरा ठेविला असता तर गृहस्थांनी दुसरा बोलाविला असता. सर्वांनी ठेविला, म्हणून त्यास अर्थ आला.

आजही महाराष्ट्रातील पुष्कळ गावी सोमवारी केशकर्तनालये बंद असतात. भिंतीवर संघटनेने ठरविलेल्या दरांचा कागद डकविलेला असतो. सोमवारी दाढी होत नाही म्हणून आजवर कोणा गृहस्थाने न्हाव्यास उद्धट म्हटलेले नाही. तो रविवारी जातो किंवा मंगळवारी जातो. एका समाजाने पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहून मिळविलेली ही पुण्याई आहे. पार्लरवाल्या ताईस हे पाठबळ नाही. ती मराठ्याची असते, लिंगायताची असते, बौद्धाची, धनगराची, मुसलमानाची असते. धंदा तिने जन्माने न घेता शिकून घेतला. यात पुरोगामित्व आहे यात शंका नाही. पण जातीबरोबर जातीची पंचायतही गेली आणि तिच्या जागी धंद्याची संघटना आली नाही. द्रौपदीने आपल्या रक्षणास पाच गंधर्व आहेत असे सुदेष्णेस सांगितले होते. चंदगडच्या ताईच्या मागे एकही गंधर्व नाही, मुंबईस नोकरी करणारा नवरा तेवढा आहे, तो गणपतीस येतो.

सरकारने ही उणीव भरून काढावी, असे कोणी म्हणेल. सरकारची चाल उलट दिशेने आहे. दुकानांनी आठवड्यातून एक दिवस बंद असावे, असे सर्वसाधारण तत्त्व मुंबई राज्याच्या १९४८ च्या दुकाने व संस्था कायद्यात होते. २०१७ साली त्या जागी नवा कायदा आला आणि दुकाने बाराही महिने उघडी ठेवण्याची मोकळीक मिळाली. नोकरास साप्ताहिक सुटी द्यावी असे त्यात आहे. परंतु मुख्य बंधने दहांहून कमी नोकर असलेल्या दुकानांस त्या वेळीच वगळलेली. जी स्वतःच मालकीण, स्वतःच नोकर, स्वतःच केर काढणारी, तिचा विचार करावयास कायद्यास सवड झालेली नाही. शहरात तर याहून पुढची पायरी आली आहे. तेथे कंपनी मोबाईलवरून ताईस घरोघर धाडते, आणि गिऱ्हाइकाने दिलेल्या ताऱ्यांवर तिची पुढली भाकरी ठरते. २०२१ च्या ऑक्टोबरात गुरुग्राम येथे अशाच सौंदर्यप्रसाधिका ‘अर्बन कंपनी’च्या कचेरीसमोर कमिशन कमी करा म्हणून बसल्या; डिसेंबरात पुन्हा बसल्या, तेव्हा कंपनी त्यांच्याविरुद्ध न्यायालयात गेली. आमच्या गावी अजून तारे नाहीत. पण “अमकीकडे जाऊ नका, ती भाव खाते,” हे पाणवठ्यावरचे वाक्य त्याच जातीचे आहे.

एका बाबतीत मात्र कायदा हाताशी आहे आणि तो ठाऊक नाही, म्हणून येथे नमूद करतो. दारावरच्या पाटीवर दूरध्वनीचा क्रमांक लिहिला की रात्री-अपरात्री ‘मसाज करता काय’ असे विचारणारे कीचक आजही निघतात. लग्नघरी पहाटे एकटीने जावे लागते ते वेगळेच. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा केवळ मोठ्या कचेऱ्यांपुरता नाही. जेथे दहांहून कमी माणसे काम करतात तेथील तक्रारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार घेण्यासाठी तालुक्यात अधिकारी नेमावा व त्याने ती सात दिवसांत समितीकडे पाठवावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आणि कामाच्या जागेच्या व्याख्येत राहते घरही धरले आहे. सैरंध्री भर दरबारात दाद मागावयास गेली तेव्हा विराटराजा गप्प बसला. तालुक्याच्या कचेरीने विराटाचा कित्ता गिरवू नये, हे पाहणे सुशिक्षित नागरिकांचे काम आहे. तो अधिकारी कोण, त्याचे नाव कोठे लावले आहे, एवढे जरी आपण कचेरीत जाऊन विचारले तरी पुष्कळ होईल.

आता या सर्वात गिऱ्हाइकाचे हित काय, असे विचारणाऱ्यास एक गोष्ट सांगू. १८९० च्या नाभिकांचा नकार स्वतःच्या सुखासाठी नव्हता. त्यात त्यांची मिळकत बुडत होती. तो नकार ज्या विधवेच्या डोक्यावर वस्तरा फिरणार होता तिच्यासाठी होता. श्रमणाऱ्याची मर्यादा पुष्कळदा गिऱ्हाइकाचे रक्षण करते, ती अशी. आज पार्लरमध्ये येणारी आई मुलीस पुढे करून म्हणते, “आठवड्यात पाहुणे यायचेत, कायतरी लावून गोरी कर की.” तीळ काढ, डाग जाळ, सुई टोच, अशाही मागण्या होतात. ताई ‘हे माझे काम नाही, डॉक्टरांकडे जा’ म्हणाली की बाई उठून जाते. आणि म्हणून कोठे कोठे एखादे बेनामी मलम पुढे सरकविले जाते. त्यात काय असते? कोठे स्टेरॉइड, की ज्याने चार दिवस कातडी उजळते व पुढे पातळ होऊन लाल पडते, कोठे पारा. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी चेहऱ्यास लावावयाच्या पदार्थात पाऱ्याचा अंश दहा लाखांत एका भागापलीकडे, तोही नकळत आलेला, चालणार नाही असे ठरविले आहे. तरीही अशा मलमांनी स्त्रियांच्या मूत्रपिंडांस विकार जडल्याची वृत्ते २०२३ साली आपल्याच विदर्भातून आली. ज्या धंद्यात ‘नाही’ म्हणणे म्हणजे गिऱ्हाईक गमावणे, त्या धंद्यात प्रामाणिक बाई मागे पडते आणि मलमवाली पुढे जाते. मुलीची कातडी शाबूत राहावी असे ज्यांस वाटते, त्यांनी ताईचा नकार हा आपल्या मुलीचा विमा समजावा.

तेव्हा करावे काय? आमच्या सूचना मोठ्या नाहीत. प्रत्येक पार्लरच्या दारात एक पाटी असावी. तीवर पाच गोष्टी असाव्यात: उघडण्याची व मिटण्याची वेळ, आठवड्याची सुटी, प्रत्येक कामाचा दर, लग्नाच्या कामास किती विसार, आणि काम रद्द झाल्यास त्याचे काय, व शेवटी, येथे कोणती कामे केली जात नाहीत. पण ही पाटी एकीने लावून भागणार नाही. चंदगड, कोवाड, हलकर्णी, तुडये, जेथे जेथे हा धंदा आहे तेथील स्त्रियांनी एकदा एकत्र बसून, सुटीचा वार एकच व लग्नकामाचा विसार एकच, एवढे ठरवावे. बचतगट चालविणाऱ्या स्त्रियांस एकत्र बसणे अवघड नाही. हप्त्यासाठी त्या दरमहा बसतातच. पलीकडच्या गल्लीतले दारही त्याच वारी बंद असले की तिसऱ्या आक्षेपाचा दात पडला. लग्नाच्या कामास जाताना दोघींनी मिळून जावे, आणि परतीची गाडी विसाराबरोबरच ठरवून घ्यावी. यात कोणास तोटा होत नाही. व्हायचाच तर फुकटेपणास होतो.

आणि उरलेले अर्धे काम आपले आहे, वाचकहो. ते आपण ताईवर ढकलू नये. ठरल्या वेळी जावे. जाता येत नसेल तर आधी कळवावे. दर पाटीवरचा द्यावा व जागच्या जागी द्यावा. भुवया करावयाच्या असतील तर भुवयांचे पैसे द्यावेत. पडदा ओढलेला दिसला की हाक न मारता परत फिरावे. ज्या घरांत मुलींस स्वाभिमानाचे धडे दिले जातात, आमच्या मुलीने नोकरीत कोणाचे ऐकून घेऊ नये असे ज्या घरांत अभिमानाने बोलले जाते, त्या घरांतील मंडळींनी दुसऱ्याच्या लेकीचा स्वाभिमान दाराबाहेर काढून ठेवावयास सांगू नये, एवढेच आमचे मागणे आहे.

सुदेष्णा काही राक्षसीण नव्हती. रस्त्यावर उभ्या असलेल्या एका अनोळखी स्त्रीस तिने आसरा दिला, तिच्या अटी ऐकून घेतल्या, त्या मान्य केल्या. तिचे चुकले ते इतकेच की, मान्य केलेली अट पाळण्याची वेळ आली तेव्हा तिला स्वतःची सोय अधिक मोठी वाटली. कीचकाचे पारिपत्य करावयास भीम लागतो, आणि भीम रोज भेटत नाही. सुदेष्णेस सुधारावयास मात्र भीमाची गरज नाही. तिने ‘एवढे एक काम’ हे शब्द ओठांवर आले असता आवरले की झाले.